वृद्धाश्रम बघायला जाताना मोजपट्टी सोबत घ्या

आत्याला पहिल्यांदा जिथे ठेवलं ते ठिकाण आम्ही अर्ध्या तासात पसंत केलं होतं. दारात कारंजं, आत आरशासारखी चकचकीत फरशी, प्रत्येक खोलीत टीव्ही. दोन महिन्यांत आत्याने खोलीबाहेर यायचंच सोडलं. नाशिकच्या पंचवटीतल्या वाड्याचा अंधारा जिना ऐंशीपर्यंत रोज चढणारी, सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन येणारी ही बाई. तिला घेतलेल्या नव्या चपलांचे तळ कोरे होते. "पाय दुखतात का गं आत्या?" तर म्हणे, "पायांना काय झालंय? बाहेर रोजच पाणी सांडलेलं असतं. पडले म्हणजे?"

दुपारी चारला मी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा कळलं. बोळाच्या टोकाला पश्चिमेची खिडकी होती. तिथून आलेलं ऊन त्या गुळगुळीत फरशीवर पडून सगळा बोळ ओला दिसत होता. फरशी कोरडीठाक होती, पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना ते पाणीच होतं. सांभाळणाऱ्या मावशी प्रेमळ होत्या, जेवण चांगलं होतं, तरी त्या एका फरशीने आत्याला खोलीत कोंडलं.

त्यानंतर तिच्यासाठी नाशिकमधली नऊ ठिकाणं पाहिली. इंदिरानगर, मखमलाबाद, देवळाली, पाथर्डी फाटा. पाहता पाहता एक गोष्ट मनात पक्की झाली. म्हाताऱ्या माणसाला जे अजून स्वतःचं स्वतः करता येतं, ते इमारत करू देते की हिरावून घेते, एवढंच बघायचं. बाकी सगळं त्यामागून येतं. ते कसं बघायचं, ते क्रमाने लिहिते.

जाण्याआधी

ज्यांच्यासाठी जागा बघताय त्यांचा एक दिवस कागदावर उतरवा. रात्री किती वेळा उठतात, पलंगाच्या कोणत्या बाजूने उठतात, कोणता हात जोराचा आहे, चष्म्याशिवाय काय दिसतं, पूजा कुठे बसून करतात, दुपारी झोपतात की रस्ता बघत बसतात. आम्ही आत्याचा कागद केला तेव्हा लक्षात आलं की तिची डावी बाजू अशक्त आहे. पहिल्या ठिकाणी संडासातला आधाराचा दांडा नेमका डावीकडेच होता.

सोबत मोजपट्टी घ्या आणि दोनदा जा, एकदा दुपारी चारच्या सुमारास आणि एकदा अंधार पडल्यावर. सकाळी दहाला सगळ्याच इमारती छान दिसतात.

फाटकापासून पहिल्या खुर्चीपर्यंत

चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं प्रमाण एकास बारा असावं, असं केंद्र सरकारच्या 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. दारापुढे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उतार अठरा फुटांचा हवा. बऱ्याच बंगल्यांत असतो तो पाच-सहा फुटांचा, स्कूटर चढवायला केलेला. त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्या माणसाची पाठ जाते आणि बसलेल्याचा जीव.

कठडा दोन्ही बाजूंना हवा. चढताना उजवा हात लागतो तो कठडा उतरताना डाव्या हाताला येतो, आणि अर्धांगवायू झालेल्याला एकच हात असतो. उंची साधारण पावणेतीन ते तीन फूट. मूठ पूर्ण वळली पाहिजे. रुंद ग्रॅनाइटची पट्टी दिसायला भारी असते, पण ती पकडता येत नाही.

आता त्यांच्याकडची व्हीलचेअर मागा आणि स्वतः बसा. कोणाला तरी ढकलायला सांगून फाटकापासून खोलीपर्यंत आणि खोलीतून संडासापर्यंत जा. दारांची मोकळी रुंदी तीन फूट हवी. खुर्ची वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. लाजू नका. मी बसले तेव्हा एका ठिकाणी बाथरूमच्या दारातच अडकले आणि तिथल्या संचालक काकांनाही ते पहिल्यांदाच कळलं.

जाता जाता मंडळी कुठे बसलीत तेही पाहा. मागची हिरवळ आणि बाक रिकामे, आणि सगळे फाटकाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, असं चित्र बहुतेक ठिकाणी दिसेल. त्यात नवल नाही. आपल्याकडे वाड्याला ओटा असायचा तो याचसाठी. भाजीवाला, शाळेची रिक्षा, कोण आलं, कोण गेलं हे पाहण्यात अर्धा दिवस जातो. रस्ता दिसणारी, सावलीची, हात टेकायला आधार असलेल्या खुर्च्यांची जागा ज्या आश्रमाला आहे त्याला माझ्या मते बागेपेक्षा जास्त गुण द्यावेत.

खोलीत गेल्यावर आडवे व्हा

खरंच पलंगावर पडा, दोन मिनिटं. काय दिसतं? बहुतेक वेळा पंखा आणि ट्यूबलाइट. खिडकीचा कट्टा साडेतीन फुटांवर असला की झोपलेल्या माणसाच्या वाट्याला आभाळाची एक पट्टी येते. कट्टा दोन-अडीच फुटांवर हवा, बाहेरून मजबूत गज लावून. संशोधक रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष 1984 मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. तिथे रुग्ण काही दिवसांचे होते. आपलं माणूस त्या पलंगावर वर्षानुवर्षं असणार आहे.

मग बसा. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात हवेत. बहुतेकांना दीड फुटाच्या आसपासची उंची बरी पडते, पण ज्यांच्यासाठी बघताय त्यांनाच बसवून पाहणं उत्तम. पलंग बुटका असेल तर गुडघेदुखीवाल्या बाईला प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते. दहादा हाक मारून झाली की माणूस पाणी प्यायचंच कमी करतो, म्हणजे उठायला नको.

नाशिकच्या हवेसाठी दिशा महत्त्वाची. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो. म्हाताऱ्या शरीराला दोन्ही सोसत नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दुपारीही फार वर येत नाही, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत येतं. उन्हाळ्यात तो जवळपास डोक्यावर असतो आणि साधा दीड-दोन फुटांचा छज्जा त्याला अडवतो. पश्चिमेची खोली मात्र मेमध्ये भट्टी होते. वरच्या मजल्यावरची, थेट गच्चीखालची खोली घ्यायचीच असेल तर उन्हाळ्यात संध्याकाळी जाऊन भिंतीला हात लावून बघा.

स्वतःच्या वस्तूंना जागा आहे का? किल्लीचं कपाट, देवाचं छोटं फळकुट, फोटो टांगायला खिळा ठोकायची मुभा. "भिंती खराब होतात" असं उत्तर मिळालं तर पुढचं ठिकाण बघा. दोघांच्या खोलीत मध्ये ओढायचा पडदा हवाच. परक्या माणसासमोर कपडे बदलण्याची वेळ सत्तर-ऐंशीत येऊ नये.

रात्रीची वाट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पलंगापासून संडासापर्यंतची पावलं मोजा, दिवे बंद करून, अनवाणी.

म्हाताऱ्या माणसाच्या पडण्याच्या गोष्टी ऐकल्यात तर बऱ्याच या आठ-दहा पावलांतल्या असतात. अर्धवट झोप, लघवीची घाई, चष्मा टेबलावर, रक्तदाबाच्या गोळीने आलेली भोवळ. अशा वेळी भिंतीला धरत सरळ जाता यावं, मध्ये टेबल-खुर्चीचा वळसा नसावा, आणि पलंगावरून संडासाचं दार दिसावं. विसराळू माणसाला तर कमोड डोळ्यांसमोर असण्याचा फार उपयोग होतो. दिसला की आठवतं.

रात्री मोठी ट्यूबलाइट लावणं चूक. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावायला वेळ लागतो, म्हणून परत येताना काहीच दिसत नाही. घोट्याच्या उंचीवर मंद पिवळसर दिवा, माणूस उठला की आपोआप लागणारा, पुरे होतो. फार महागही नसतो आणि इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम असतं.

बाथरूमचा उंबरा पाहा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून बसवलेली दीड-दोन इंचांची पट्टी वॉकरला अडते आणि पाय घसटत चालणाऱ्याला पाडते. त्याऐवजी आत नीट उतार आणि दाराशी लांब जाळी असली की भागतं. आत एक मग पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. दाराकडे आलं किंवा तिथेच साचलं तर रोज तसंच साचणार.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत पडलेला माणूस दारालाच टेकून असतो आणि आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे.

आधाराचे दांडे ओढून बघा, अंगाचा भार टाकून. अनेक ठिकाणी दांडा म्हणून टॉवेलचा रॉड लावलेला असतो. तो टॉवेलचाच भार पेलतो. खरा दांडा भिंतीच्या विटेत पक्का बसवलेला असतो, त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये दीड-दोन इंच जागा असते, बोटं जातात पण कोपर अडकत नाही. कमोडच्या दोन्ही बाजूंना आणि आंघोळीच्या जागी, असे निदान तीन. कमोडची बैठक दीड फुटाच्या आसपास उंच, आणि धुवायचा जेट जोराच्या हाताला.

आंघोळीला पाठ असलेलं स्टूल आणि बसल्या हाताला येणारा नळ. पिढ्यान्‌पिढ्यांची बादली-मगाची सवय आहे, शॉवर अनेकांना नको वाटतो, आणि तसं असेल तर बादली स्टुलाच्या उंचीवर ठेवायला कट्टा करून घ्या. भरलेली बादली उचलण्याचा प्रसंगच येऊ नये.

शेवटी घंटी. तिची दोरी जमिनीपर्यंत यायला हवी, कारण पडलेला माणूस भिंतीवरच्या बटणापर्यंत पोहोचत नाही. रात्रीच्या भेटीत ती न सांगता ओढा आणि घड्याळ पाहा.

उजेड, रंग, आवाज

विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोहोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याला मिळतो. म्हणून उजेड जास्त हवा, पण चकाकी नको. फरशी खरबरीत, बिनचमकीची आणि फिक्या रंगाची असावी. पॉलिश केलेली तर मुळीच नको, मग ती कितीही उंची असो. फरशीच्या मध्ये काळ्या पट्ट्यांची नक्षी किंवा काळं पायपुसणं स्मृतिभ्रंशाच्या माणसाला खड्डा वाटू शकतं आणि ती व्यक्ती तिथे थबकते. लोक त्याला हट्ट म्हणतात.

पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरा दांडा, सगळं स्वच्छ दिसतं पण वेगळं काही दिसत नाही. कमोडची गडद रंगाची सीट आणि गडद दांडा एवढ्यानेही फरक पडतो. ताटाचंही तेच. स्टीलच्या ताटावर ट्यूबलाइट चमकते, पांढऱ्या बशीत दहीभात हरवतो. बोस्टनच्या संशोधकांनी 2004 मध्ये अगदी छोट्या गटावर पाहिलं होतं की लाल ताटवाट्या दिल्यावर अल्झायमरच्या रुग्णांच्या पोटात सुमारे 25 टक्के जास्त अन्न गेलं. गट छोटा होता, पण करून पाहायला काय जातं? आत्याला आम्ही गडद निळी मेलामाइनची ताटली नेऊन दिली.

दिवसाचा भरपूर उजेड झोपेसाठी आणि मनासाठीही हवा. नेदरलँड्समधल्या 12 निवासगृहांत 189 वृद्धांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. बैठकीच्या खोलीत दिवसभर प्रखर दिवे ठेवल्यावर रहिवाशांची उदासी कमी झाली आणि स्मृतीची घसरणही थोडी मंदावली. आपल्याकडे ऊन फुकट आहे. ते बैठकीच्या खोलीत येतं का, की जाड पडदे लावून दिवसाही संध्याकाळ केलीय, ते पाहा.

आवाजाकडे कुणीच लक्ष देत नाही. उंच छत, नागड्या भिंती, फरशी, आणि त्यात मोठ्याने लावलेला टीव्ही. कानाला यंत्र लावणाऱ्याला अशा हॉलमध्ये शेजारच्याचं बोलणं कळत नाही, आणि न कळणारा माणूस हळूहळू बोलायचं सोडतो. दिवसा बाजूला सारता येणारे जाड पडदे, भिंतीवर टांगलेली गोधडी, कापडी बोर्ड, यांनी घुमणं बरंच कमी होतं. टीव्हीची खोली गप्पांच्या खोलीपासून वेगळी असली तर फारच चांगलं.

स्वयंपाकघर कुठे आहे

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा अशी तरतूद आहे. संख्या गरजेची आहेच. पण दीडशे माणसं एका भोजनगृहात घंटेवर जेवायला लागली की घर उरत नाही. अमेरिकेत मिसिसिपीतल्या ट्यूपेलोमध्ये 2003 मध्ये वेगळा प्रयोग सुरू झाला. दहा-बारा जणांचं एक घर, मध्ये एक स्वयंपाकघर, त्याभोवती प्रत्येकाची स्वतंत्र खोली. मोठी इमारत असली तरी तिचे असे दहा-बारा जणांचे भाग पाडता येतात. आपल्या वाड्याच्या चौकाभोवतीही असंच जगणं होतं.

तेव्हा स्वयंपाकघर मागे कुठेतरी बंद दाराआड आहे की फोडणीचा वास बैठकीपर्यंत येतो, हे बघा. वासाने भूक लागते, वेळ कळते. बसून मेथी निवडता, मटार सोलता, वाती वळता येतील असं टेबल आहे का? त्याखाली गुडघे जायला जागा? ज्या बाईने पन्नास वर्षं घर चालवलं तिच्या हातातून सगळं काढून घेऊन तिला "आराम करा आजी" म्हणणं म्हणजे शिक्षा आहे. कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी, 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एका गटाला आपापले निर्णय घ्यायला सांगितलं आणि सांभाळायला एकेक रोप दिलं. दुसऱ्या गटाची रोपं कर्मचारीच सांभाळत. पहिला गट जास्त तरतरीत आणि आनंदी राहिला. आपल्याकडे तुळस आहे. कुंडी अडीच फूट उंच कट्ट्यावर ठेवली की न वाकता पाणी घालता येतं.

विसरणारी माणसं आणि बाहेरची वाट

एकसारखी बारा दारं असलेल्या बोळात स्वतःची खोली शोधणं धडधाकट माणसालाही जड जातं. दाराशेजारी ओळखीची वस्तू टांगली की सोपं होतं. नंबर विसरला जातो, पण खुंटीवरची स्वतःची गांधी टोपी ओळखू येते.

फिरायची सवय असलेल्यांना अडवू नये, वाट द्यावी. ती फिरून सुरुवातीला येणारी असावी. बंद टोकाशी पोचलेला माणूस बावरतो, दार ठोठावू लागतो. दर थोड्या अंतरावर टेकायला बाक. आणि पावसाळ्याचं विचाराच. जून ते सप्टेंबर अंगणातल्या शहाबादीवर शेवाळ धरतं, मग चार महिने चालणं बंद, आणि चार महिने न चाललेले पाय दिवाळीला परत चालत नाहीत. छप्पर असलेला लांब व्हरांडा किंवा पडवी असणं नाशिकसाठी चैन नव्हे.

आग लागली तर

यात भिडस्तपणा नको. अंथरुणाला खिळलेली माणसं तळमजल्यावर आहेत का? रात्री बाहेरच्या दारांना कुलूप असतं का, आणि किल्ली कोणाकडे? जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळतं का? चार माणसांच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही, आणि आगीत लिफ्ट वापरायची नसतेच. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते दाखवा म्हणावं.

सगळं कुठेच मिळत नाही

नऊपैकी एकाही ठिकाणी हे सगळं नव्हतं. म्हणून यादीचे दोन भाग करा. दिशा, दारांची रुंदी, उताराची लांबी, मजला बदलत नाहीत; तिथे तडजोड करू नका. दांडे, रात्रीचा दिवा, सीटचा रंग, उंबरा, पलंगाची उंची, घंटीची दोरी हे आठवडाभरात बदलतं. आम्ही प्रवेशाआधीच कागदावर सहा गोष्टी लिहून दिल्या आणि दोन दांड्यांचा खर्च स्वतः केला. शेजारच्या खोलीतल्या आजींनी मग स्वतःसाठीही मागून घेतले. कुठे हाल किंवा दुर्लक्ष दिसलं तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे, तिचा नंबर आई-वडिलांच्या फोनमध्येही भरून ठेवा.

नेताना जुना पलंग नेता आला तर न्या, निदान गोधडी, आरसा, देव आणि भिंतीवरचं घड्याळ. घरी ज्या हाताला खिडकी होती त्याच हाताला इथेही येईल असा पलंग लावा. पहिले आठ दिवस कुणीतरी संध्याकाळी असावं, कारण नवी जागा दिवे लागायच्या वेळी जास्त परकी वाटते.

मग महिन्याभराने जा आणि त्यांच्या चपला उलटून बघा. आत्याच्या हल्लीच्या चपलांना अंगणातली माती असते, आणि टाचेकडे तळ झिजलाय. दिवाळीला नव्या घ्यायच्यात.